कोपऱ्यावर उभ्या असलेल्यांना सांगा

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशर, व्हरमाँट आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांतल्या गावोगावच्या टाउन हॉलमध्ये आणि शेतकऱ्यांच्या ग्रेंज सभागृहांत जो कॉन्ट्रा नाच होतो, त्याला तालमीची अट नसते. फिडल आणि पियानो वाजत असतात, माणसे दोन लांब रांगांत समोरासमोर उभी राहतात, आणि मंचावरची एक व्यक्ती संगीत सुरू होण्याआधी सगळ्यांना तो नाच एकदा नुसता चालवून दाखवते. मग वादक वाजवू लागले की तीच व्यक्ती प्रत्येक आकृतीचे नाव ती सुरू होण्याच्या क्षणभर आधी पुकारते. हिला कॉलर म्हणतात. समोरच्या गर्दीत वीस वर्षे नाचणारे असतात तसे त्याच संध्याकाळी पहिल्यांदा दार ओलांडून आलेलेही असतात, आणि दोघांना एकाच वाक्यात एकच गोष्ट समजली पाहिजे, ही कॉलरची अडचण. बहुतेक आकृत्यांत ती जाणवत नाही. गोल करा, हात धरून फिरा, समोरच्याला झोका द्या, एवढे सांगून भागते. पण ‘कॉन्ट्रा कॉर्नर्स’ ही जुनी आकृती आली की चांगले बोलणारे कॉलरही अडखळतात. समजावणे लांबत जाते, रांगेत कुजबुज वाढते, आणि संगीत सुरू झाल्यावर पहिल्या दोन आवर्तनांत निम्मी रांग चुकीच्या माणसाचा हात धरून उभी असते. माझे म्हणणे असे की या गोंधळाचे खापर आकृतीच्या अवघडपणावर फोडले जाते ते चुकीचे आहे. समजावण्याचे शब्दही बहुधा बरोबर असतात. ते चुकीच्या माणसांना सांगितले जातात.

हे पटण्यासाठी आधी नाचाची घडण पाहायला हवी. कॉन्ट्राचे संगीत बत्तीस बारचे, म्हणजे चौसष्ट मात्रांचे असते आणि ते आठ-आठ मात्रांच्या तुकड्यांत स्वच्छ कापलेले असते. लय मिनिटाला साधारण ११० ते १२० मात्रांची, त्यामुळे एक आवर्तन बत्तीस ते पस्तीस सेकंदांत संपते. तोच नाच पंधरा-वीस वेळा होतो, पण दर आवर्तनाला माणसे बदलतात. एक जोडी एक जागा खाली सरकते, शेजारची जोडी एक जागा वर जाते, आणि पुढच्या आवर्तनात नवा शेजारी मिळतो. खाली सरकणाऱ्या जोडीला मी इथे ‘चालती जोडी’ म्हणतो आणि वर सरकणाऱ्या जोडीला ‘उभी जोडी’, कारण जुन्या नाचांत बहुतेक सगळी हालचाल पहिलीच्या वाट्याला येते आणि दुसरी बराच वेळ आपल्या जागेवर असते. रांगेचे टोक गाठले की भूमिका उलटतात. वर पोचलेली उभी जोडी एक आवर्तन थांबून चालती होते आणि तळाला पोचलेली चालती जोडी उभी होऊन परत वर सरकू लागते. सुरुवातीला कॉलर मंचाकडून खाली चार-चार माणसांना हात धरायला लावतो. चौकडी ठरते, शेजारी कोण ते कळते, आणि आजच्या बहुतेक नाचांत माणसाला त्या चौकडीबाहेर फारसे बघावे लागत नाही.

कॉन्ट्रा कॉर्नर्स ही आकृती नेमकी ती चौकट मोडते. तिचा सर्वांत ओळखीचा नाच म्हणजे ‘कोरस जिग’. नावात जिग असली तरी चाल रीलची. ‘रोरी ओ’मोर’ आणि ‘सॅकेट्स हार्बर’ या जुन्या नाचांतही ती आहे. कोरस जिगमध्ये सगळे पुरुष एका रांगेत आणि सगळ्या स्त्रिया दुसऱ्या रांगेत असतात. पहिल्या सोळा मात्रांत चालती जोडी आपापल्या रांगेच्या बाहेरून खाली जाऊन परत येते. पुढच्या सोळांत ती मधून खाली जाते, जागेवर वळून परत येते आणि उभ्या जोडीला वळसा घालून तिच्या खाली उभी राहते. आता चालता पुरुष पुरुषांच्या रांगेत आहे, एका बाजूला आत्ताच वळसा घातलेला शेजारी, दुसऱ्या बाजूला पुढच्या चौकडीतला शेजारी. समोर जोडीदारीण, तिच्याही दोन बाजूंना दोन स्त्रिया. त्या दोघी त्याचे कोपरे. उजवीकडे तिरकी दिसते ती पहिला कोपरा, डावीकडची दुसरा. जोडीदारिणीचे कोपरेही तसेच, तिच्या उजवीकडचा पुरुष पहिला, डावीकडचा दुसरा. मग सोळा मात्रांत चार फेरे होतात, प्रत्येकी चार मात्रांचे. जोडीदाराला उजवा हात देऊन फिरायचे, पहिल्या कोपऱ्याला डावा हात देऊन पूर्ण फिरायचे, परत मध्यभागी येऊन जोडीदाराला उजवा, मग दुसऱ्या कोपऱ्याला डावा. शेवटच्या सोळा मात्रांत चालती जोडी एकमेकांना तोलून झोका घेते आणि आवर्तन पुरे होते. वर्णन एवढेच. हातांचा नियमही एका ओळीचा आहे, उजवा जोडीदाराला आणि डावा बाकी सगळ्यांना. तरीही हीच आकृती बिघडते.

ती कशी बिघडते हे जवळून पाहिले की कारण दिसते. कॉलर चालत्या जोडीला सांगतो, “तुमच्या उजवीकडे तिरके पाहा, तो तुमचा पहिला कोपरा, डावीकडे तिरके पाहा, तो दुसरा.” सगळे पाहतात, मान हलवतात, वाक्य खरे असते. पण ते खरे असते फक्त पाय हलेपर्यंत. जोडीदाराला उजवा हात देऊन अर्ध्याहून थोडे अधिक फिरल्यावर त्या माणसाचे तोंड फिरलेले असते. कोपऱ्याभोवती पूर्ण वळून परत मध्याकडे येताना तो मूळ जागेपासून तिरका, वेगळ्या दिशेने येत असतो. आता त्याच्या डावीकडे जे आहे ते मघाचे डावीकडचे नाही. शिवाय इथे आकृतीतला खरा खाचखळगा येतो. जोडीदाराचा पहिला फेरा अर्ध्याहून थोडा जास्त, पण दुसरा पाऊण फेरा असतो, कारण आता आपण एका कोपऱ्याकडून येतो आणि जायचे आहे जोडीदाराच्या पलीकडच्या बाजूला. मात्रा मात्र दोन्ही वेळा चारच. म्हणून नवव्या ते बाराव्या मात्रेत माणूस उशिरा सुटतो, समोर जो चेहरा दिसेल त्याच्याकडे जातो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. कॉलर मग अधिक शब्द घालतो. पाऊण फिरा, खांद्यावरून पाहा, आपल्या जोडीदाराच्या मूळ जागेच्या पलीकडे जा. एकही शब्द खोटा नसतो, पण फिरत असलेल्या माणसाला दिशा सांगण्याचा तो प्रयत्न असतो, आणि दिशा त्याच्याबरोबर फिरत असतात.

याच सोळा मात्रा कोपऱ्याच्या जागेवरून पाहा. तो समोर तोंड करून उभा आहे. मध्यात चालत्या जोड्या एकमेकांना उजवा हात देऊन फिरत आहेत. पाचव्या मात्रेला त्याच्या उजव्या तिरक्या बाजूने एक व्यक्ती डावा हात पुढे करून येते. तो डावा हात देतो, चार मात्रांत एक फेरा होतो आणि तो आपल्या जागी परत येतो, तोंड पुन्हा समोर. चार मात्रा उसंत. तेराव्या मात्रेला डाव्या तिरक्या बाजूने दुसरी व्यक्ती येते, पुन्हा डावा हात, पुन्हा एक फेरा, पुन्हा आपली जागा. भूमिती इथे मदतीला येते. मी जर तुझ्या उजव्या तिरक्या बाजूला असेन तर समोरासमोरच्या रांगांत तूही माझ्या उजव्या तिरक्या बाजूला असतोस. म्हणजे ‘आधी उजवीकडून, मग डावीकडून’ हा नियम दोघांना एकच लागू पडतो. फरक इतकाच की चालत्या माणसासाठी तो नियम चार मात्रांत शिळा होतो आणि उभ्या माणसासाठी सोळा मात्रा ताजा राहतो. खो-खोत खांब जागेवर असतो म्हणून धावणाऱ्याला वळण कळते. कोपरा खांबापेक्षा अधिक आहे, कारण त्याला डोळे आहेत आणि तो योग्य मात्रेला हात पुढे करू शकतो. आकृतीतली सगळी स्थिर माहिती कोपऱ्याजवळ आहे. आणि रिवाजाने समजावणीतले शेवटचे वाक्य त्याच्या वाट्याला येते, तेही बहुधा एवढेच की तुम्ही उभे राहा.

एक गोष्ट तर उभ्यांना जवळपास कधीच स्पष्ट सांगितली जात नाही. दोन-दोन जोड्यांच्या चौकड्यांनी रचलेल्या कोरस जिगमध्ये प्रत्येक उभा माणूस दोन वेगळ्या चालत्या माणसांचा कोपरा असतो, एकाचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा. त्यातला एक त्याच्या चौकडीतला, दुसरा शेजारच्या चौकडीतला. नवखा उभा माणूस चौकडीच्या सवयीने आपल्या ओळखीच्या व्यक्तीचा हात धरतो, फेरा घेतो आणि आपले काम झाले असे समजून हात खाली सोडतो, किंवा अनोळखी माणूस हात मागायला आला की तो चुकला असे समजून मागे सरतो. चालती व्यक्ती तिथे पोचलेली असते, बरोबर मात्रेला पोचलेली असते, आणि तिला हात मिळत नाही. तिला वाटते आपणच चुकलो. पुढच्या वेळी ती भलतीकडे जाते. रांगेतल्या चुकांचा पाठलाग केला तर त्यांचे मूळ पुष्कळदा चालत्यांच्या पायांत सापडत नाही, ते उभ्यांच्या न उचललेल्या डाव्या हातात सापडते.

जुन्या काळी ही अडचण एवढी नव्हती, आणि त्याचे कारण माझ्या मुद्द्याला बळ देते. लांब रांगांचे हे नाच इंग्लंडचे. जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’मध्ये ‘जितक्या जोड्या येतील तितक्यांसाठी’ असे नाच आहेत. फ्रान्सने ते उचलले आणि कॉन्त्रदान्स या नावाने युरोपभर नेले. पोर्तुगालमार्गे त्यांचा रिवाज गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाच्या समारंभांतही पोचला, आणि मांडोतल्या स्त्री-पुरुषांच्या समोरासमोरच्या रांगांचे नाते अभ्यासक त्याच्याशी जोडतात. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे १७८८ मध्ये निघालेले जॉन ग्रिफिथचे पुस्तक हे तिथल्या अगदी आरंभीच्या नृत्यपुस्तकांपैकी एक. त्या काळच्या पद्धतीत सगळ्या चालत्या जोड्या एकदम सुरू करत नसत. सर्वांत वरची एकच जोडी नाच धरे, एकेक जागा खाली येई, आणि बाकीची रांग उभी राहून पाही. नाच तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तुम्ही तो अनेकदा पाहिलेला असे, आणि तुमचा त्यातला पहिला सहभागही कोपरा म्हणूनच होई. वर सरकत सरकत टोकाला पोचल्यावरच चालती जोडी होण्याची पाळी येई. म्हणजे शिकण्याचा क्रम आपोआप उभ्यापासून चालत्याकडे जात असे. जुन्या पुस्तकांत या आकृतीला दोन-तीन शब्दांपलीकडे जागा मिळत नाही, यात मला लेखकांचा आळस दिसत नाही. शिकवण्याचे काम रांगच करत होती. पुढे सगळ्या चालत्या जोड्या एकदम नाचू लागल्या. कुणाला फार वेळ ताटकळावे लागत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण उभे राहून पाहण्याची शाळा बंद पडली, तिची जागा कॉलरच्या तोंडी समजावणीने घेतली, आणि त्या समजावणीने शिकण्याचा क्रम उलटा करून टाकला, आधी चालते, मग जमल्यास उभे.

रचनेतला आणखी एक बदल इथे मोजायला हवा. जुन्या नाचांपैकी बरेच तीन-तीन जोड्यांच्या गटांनी होत. ‘सॅकेट्स हार्बर’ आणि ‘मनी मस्क’ ही त्यांतली ठळक नावे. तीन जोड्यांच्या गटात मधल्या चालत्या जोडीला वरची एक आणि खालची एक अशा दोनच उभ्या जोड्या असतात, चार कोपरे चार माणसे, आणि प्रत्येक कोपऱ्याला एकदाच हात द्यायचा असतो. स्कॉटिश कंट्री नृत्यातही या आकृतीचे भावंड आहे. तिथे आधी कोपऱ्याला उजवा हात आणि मग जोडीदाराला डावा, म्हणजे क्रम आणि हात दोन्ही उलटे. पण तिथेही मधल्या एका जोडीला चार कोपरे आणि प्रत्येकाची पाळी एकदाच. दोन-दोन जोड्यांच्या चौकड्यांत ही आकृती बसवली की कोपऱ्याचे काम दुप्पट होते. चालत्या जोडीचे काम मात्र तेवढेच राहते. अडचण वाढली ती उभ्यांच्या बाजूला, आणि समजावणी वाढत गेली चालत्यांच्या बाजूला.

यावर पहिला आक्षेप प्रात्यक्षिकाचा. शब्द कशाला, एक चालती जोडी आणि चार अनुभवी कोपरे मध्ये उभे करून दाखवले की सगळ्यांना दिसते. दाखवणे वाईट नाही. पण प्रात्यक्षिक पाहणाऱ्याचे डोळे हलणाऱ्या माणसांकडे जातात. साठ माणसांच्या सभागृहात मागच्यांना फक्त मध्ये फिरणारी डोकी दिसतात, आणि अनुभवी कोपऱ्यांचा सगळ्यांत मोलाचा भाग, योग्य मात्रेला आधीच उचललेला हात, कुणाच्याच नजरेत भरत नाही. शिवाय पाहणारा कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर त्याचे उजवे-डावे ठरते, आणि आपल्या जागी परतल्यावर ते पुन्हा मनात उलटवावे लागते. प्रात्यक्षिक करायचेच तर “फिरणाऱ्यांकडे बघू नका, त्या चौघांचे हात बघा” असे आधी सांगावे. तेव्हा ते उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप अनुभवी नाचणाऱ्यांचा आहे आणि तो अधिक वजनाचा आहे. ते म्हणतात, रांगेत जुनी माणसे असतातच, ती नवख्यांना हाताला धरून योग्य जागी नेतात. कॉलरने गप्प राहावे. रांग शिकवते हे मीच वर सांगितले. पण आजची रांग पाहून शिकवत नाही, ओढून शिकवते, आणि ओढणे म्हणजे शिकवणे नव्हे. खांद्याला धरून फिरवलेल्या माणसाला तो कुठे गेला ते कळत नाही, दुखले तर तो पुन्हा येत नाही. माझी सूचना त्याच्या उलट आहे. कोपऱ्याने आपली जागा सोडू नये, कुणाला खेचू नये, फक्त आपल्या मात्रेला डावा हात मोकळा करून छातीच्या उंचीवर धरावा. चुकलेल्या चालत्या माणसाला तेवढी खूण पुरते, कारण गोंधळलेला माणूस हात शोधतच असतो. अनुभवी माणसे जे आडदांडपणे करतात ते नवख्याला सभ्यपणे करता येते, आणि त्यासाठी वीस वर्षांचा अनुभव लागत नाही, एक वाक्य लागते.

तिसरा आक्षेप असा की ज्या नाचात निम्मी माणसे बराच वेळ उभी राहतात तो नाचच कशाला ठेवायचा. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक नव्या रचनांत चौकडीतले चौघे सारखेच नाचतात, आणि एखाद्या शहरातल्या नाचाच्या संध्याकाळी जुना असमान नाच एकही नसणे आता सहज शक्य आहे. समानतेची ही ओढ मला मान्य आहे. जिम किचच्या ‘ऑल्टरनेटिंग कॉर्नर्स’सारख्या रचनांनी तर कॉन्ट्रा कॉर्नर्स न सोडता ती साधली आहे, एका आवर्तनात एक जोडी मध्ये जाते, पुढच्यात दुसरी. पण ‘उभे’ म्हणजे ‘रिकामे’ हे समीकरण मला मान्य नाही. कोरस जिगच्या सोळा मात्रांत उभ्याला दोन फेरे आहेत आणि दोन वेळा वाट पाहणे आहे, आणि ती वाट पाहणे म्हणजे चाल ऐकणे, कारण मात्रा मोजल्याशिवाय हात वेळेवर उचलला जात नाही. उभ्याला जर काम सांगितलेच नाही तर तो रिकामा राहणार, कंटाळणार, आणि मग हा नाच कंटाळवाणा आहे असा शेरा नाचावर बसणार. माझ्या मते जुने असमान नाच मागे पडण्यात या न सांगितलेल्या कामाचा वाटा मोठा आहे. न्यू हॅम्पशरच्या राल्फ पेजने १९३० च्या दशकापासून १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत हे नाच पुकारले, १९३७ मध्ये बेथ टोलमनबरोबर त्यांचे पुस्तक काढले, आणि १९४९ पासून १९८४ पर्यंत ‘नॉर्दर्न जंकेट’ हे मासिक चालवून त्यांच्या नोंदी जपल्या. डेव्हिड स्मक्लर आणि डेव्हिड मिलस्टोन यांनी २००८ मध्ये ‘क्रॅकिंग चेस्टनट्स’ या पुस्तकात अशा जुन्या नाचांचा इतिहास आणि ते शिकवण्याच्या युक्त्या एकत्र दिल्या. इतक्यांनी इतक्या कष्टाने राखलेली गोष्ट केवळ समजावता येत नाही म्हणून सोडून देणे मला मंजूर नाही.

चौथी शंका वेळेची. उभ्यांना सविस्तर सांगत बसलो तर चालत्या जोड्या ताटकळतात. खरे तर वेळ वाचतो, कारण आता उभे असलेले काही आवर्तनांनी चालते होणार आहेत. कोपरा म्हणून ज्याने चार-सहा वेळा डावा हात दिला आहे त्याला टोकाला पोचून चालता झाल्यावर कोपरे कुठे असतात हे सांगावे लागत नाही. तो स्वतः तिथे उभा होता. आज जे चालते आहेत त्यांना मात्र सुरुवातीलाच सगळ्यांत अवघड काम अंगावर घ्यावे लागते, म्हणून त्यांना कमीत कमी सांगून त्यांच्याभोवतीच्यांना पक्के करणे हाच व्यवहार.

मग कॉलरने नेमके काय म्हणावे? आधी सगळ्या उभ्यांना हात वर करायला सांगावे, म्हणजे आपण उभे आहोत हे त्यांनाच कळते. पुष्कळांना ते माहीत नसते. मग त्यांना म्हणावे, “तुम्ही कोपरे आहात. तुमच्याकडे दोन माणसे येतील, पहिले उजवीकडून, दुसरे डावीकडून. दोघांनाही डावा हात द्या आणि आपल्या जागी परत या. त्यांतले एक माणूस तुमच्या चौकडीतले नसले तरी घाबरू नका.” माणूस म्हटले ते मुद्दाम. पुरुषाचा कोपरा स्त्री हा नियम कोरस जिगमध्ये खरा ठरतो, पण चालती जोडी बाजू बदलून उभी असलेल्या नव्या रचनांत तो कोसळतो, आणि आता अनेक ठिकाणी स्त्री-पुरुषांऐवजी लार्क आणि रॉबिन अशी भूमिकांची नावे आहेत, कुणीही कुठलीही भूमिका घेते. उजवी-डावी तिरकी बाजू मात्र सगळीकडे टिकते. यानंतर चालत्यांना एकच ओळ पुरे: उजवा जोडीदाराला, डावा कोपऱ्याला, आणि प्रत्येक कोपऱ्यानंतर जोडीदाराकडे परत. पाऊण फेऱ्याची गोष्ट पहिल्या समजावणीत काढूच नये. समोर हात तयार दिसला की पाय तो फेरा स्वतः पुरा करतात. संगीतावर पुकारतानाही “जोडीदार, कोपरा, जोडीदार, कोपरा” एवढेच, प्रत्येक शब्द त्या चार मात्रा सुरू होण्याच्या जरा आधी, आणि तीन-चार आवर्तनांनंतर तेही नाही.

टोकांची काळजी वेगळी घ्यावी. रांगेच्या सर्वांत वरच्या उभ्या जोडीच्या वर कुणी चालती जोडी नसते, म्हणून तिथल्या पुरुषाकडे पहिल्या वेळी कुणी येते आणि दुसऱ्या वेळी येत नाही, स्त्रीकडे उलट. त्यांना हे सांगितले नाही तर ते आपल्याला विसरले असे समजतात. तळाच्या चालत्या जोडीला काही आवर्तनांत खाली उभी जोडीच मिळत नाही. तेव्हा तिथे माणसे आहेत असे धरून हवेतल्या कोपऱ्याला हात देऊन त्याच मात्रांत फेरा घ्यायचा, एवढे सांगितले की तळ सुटत नाही. आणि ज्यांना शिकवायला निवांत वेळ आहे, त्यांनी लांब रांगेऐवजी तीन जोड्यांचा छोटा गट घ्यावा. बोस्टनजवळच्या टेड सॅनेलाने अशा तीन जोड्यांच्या नाचांना, त्याच्या शब्दांत ‘ट्रिपलेट्स’ना, पुन्हा चलनात आणले. त्यात प्रत्येक कोपऱ्याची पाळी एकदाच येते, म्हणून आकृतीचा सांगाडा तिथे स्वच्छ दिसतो, आणि जोड्या पाळीपाळीने मध्ये येत असल्याने थोड्या वेळात सगळे दोन्ही कामे करून पाहतात.

बोस्टन, न्यू हॅम्पशर किंवा जवळपास राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे एकदा करून पाहावे अशी विनंती आहे. कॉन्ट्रा नाचाला बरोबर जोडीदार न्यावा लागत नाही, नाच आधी येत असावा लागत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी सुरुवातीला नवख्यांसाठी थोडा वेळ राखलेला असतो. एखादा कॉलर कोरस जिग पुकारेल तेव्हा रांगेत उभ्या जोडीची जागा मागून घ्या. पाचव्या मात्रेला उजवीकडून कुणी येईल, तेराव्याला डावीकडून. दोन्ही वेळा डावा हात वेळेवर उचला.